जिलबीचे पीठ आणि बिअरची टाकी

रात्री आठच्या सुमारास राजवाड्यामागच्या सराफ्यात पाळी बदलते. दिवसभर सोन्याचांदीचे व्यवहार चाललेल्या पेढ्यांची शटर एकामागून एक खाली येतात, कुलपे ओढून पाहिली जातात, आणि दुपारी ज्या ओट्यांखाली गिऱ्हाइकांनी चपला काढल्या होत्या त्याच ओट्यांवर कढया, पराती, शेगड्या मांडल्या जातात. साडेनऊला गल्लीत खांद्याला खांदा लागतो. रात्री दोनपर्यंत ही वर्दळ टिकते. पुण्याहून किंवा नागपूरहून आलेल्या पाहुण्याला इंदूरचे मराठी घर आधी पोटभर जेवू घालते आणि मग म्हणते, चला, सराफ्यात जाऊन काहीतरी खाऊन येऊ.

गल्लीत एका कढईपाशी नेहमी गर्दी असते. तिथे जलेबा तळतात. जलेबा हा जिलबीचा थोरला भाऊ, एकेक नग पाव किलोच्या पुढचा. कारागिराच्या डाव्या हाताला पातेले असते आणि त्यात आदल्या दिवशी कालवून ठेवलेले मैद्याचे पीठ. ते नीट पाहावे. वर बारीक बुडबुडे आलेले असतात, डाव फिरवला की ते फुटतात, खालून नवे येतात, आणि तुपाच्या वासाआडून एक आंबूस, किंचित फळासारखा गंध नाकाला लागतो. पीठ जिवंत आहे. त्यात यीस्ट आहे आणि दह्यातून आलेले लॅक्टिक जिवाणू आहेत. मैद्यातल्याच विकरांनी पिष्टाची थोडी साखर केलेली असते. यीस्ट ती खाते आणि तिचे दोन पदार्थ करते, कार्बन डायऑक्साइड आणि मद्यार्क. जिवाणू आंबटपणा घालतात. पीठ गरम तुपात पडले की वायू फुगतो, वेटोळ्याच्या आत पोकळी तयार होते, आणि नंतर त्याच पोकळीत पाक शिरतो. मद्यार्काचा जो काही अंश असतो तो तुपाच्या उष्णतेने उडून जातो.

तो अंश उडू न देता जपला, तर बिअरकडे जाणारी वाट सुरू होते.

सराफ्यात ती वाट नाही. हा बाजार शाकाहारी आहे, मद्य इथे वर्ज्य आहे, आणि तसेच असावे. इंदूरची पब-संस्कृती नव्या शहरात, विजयनगर आणि आग्रा-मुंबई रस्त्याच्या बाजूला वसली. तिथे बिअर जागेवर बनवण्याची सोय व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जानेवारीत मध्य प्रदेश मंत्रिमंडळाने २०२२-२३ चे अबकारी धोरण मंजूर केले आणि त्यात इंदूर आणि भोपाळ या दोन शहरांत मायक्रोब्रुअरीला, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्याला, परवानगी दिली. पुण्याला ही सोय त्याच्या तेरा वर्षे आधी मिळाली होती.

ब्रूपब म्हणजे काय, हे आधी स्पष्ट असलेले बरे. जिथे बिअर तयार होते तिथेच, त्याच छपराखाली, ती ग्लासात ओतली जाते आणि शेजारी स्वयंपाकघर चालू असते, ती जागा म्हणजे ब्रूपब. बारमध्ये बाटली बाहेरून येते, इथे टाकी आतच असते. बहुतेक ठिकाणी काचेच्या भिंतीपलीकडे स्टीलच्या उभ्या टाक्या दिसतात, खाली निमुळत्या होत गेलेल्या. पुष्कळ गिऱ्हाइकांना ती सजावट वाटते. आज ग्लासात आलेली बिअर बहुधा त्याच टाक्यांपैकी एकीत दोन-तीन आठवडे राहून आलेली असते.

कल्पना जुनी आहे. प्राग शहरातले ‘उ फ्लेकू’ आपला इतिहास १४९९ पर्यंत मागे नेते आणि अजून आपली काळी बिअर जागेवरच बनवते. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि बाटली आली, कारखाने मोठे झाले आणि गावोगावच्या अशा जागा मिटत गेल्या. पुन्हा उभारी आली ती गिऱ्हाइकांच्या हट्टाने. ब्रिटनमध्ये १९७१ साली अस्सल एल बिअरसाठी ग्राहकांची चळवळ उभी राहिली, १९७९ मध्ये डेव्हिड ब्रूसने लंडनमध्ये आपला पहिला ब्रूपब काढला, आणि १९८२ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी बर्ट ग्रँटने दारूबंदीच्या काळानंतरचा तिथला पहिला ब्रूपब उघडला. भारतात पहिली पावले गुडगावात पडली, मग पुणे, मग बेंगळुरू.

आता टाकीत काय चालते ते पाहू. मराठी घराला यातली पहिली पायरी मुळीच परकी नाही. बाळासाठी नाचणीचे सत्त्व करतात तेव्हा नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, हलकी भाजून दळायची. बिअरचे माल्ट हेच आहे, फक्त धान्य सातू. मोड येताना दाण्यात विकरे जागी होतात, कारण कोंबाला वाढायला साखर लागते आणि दाण्यात साठवलेले असते पिष्ट. कोंब थोडा वर आला की भट्टीच्या गरम हवेने त्याला थांबवतात. दाणा मेला तरी विकरे शाबूत राहतात. भट्टी हलकी ठेवली तर बिअर सोनेरी होते, जास्त भाजले तर तांबूस, आणि कॉफीच्या बियांसारखे काळे केले तर स्टाउट.

हे माल्ट भरडून ६५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवतात. या तासात विकरे पुन्हा कामाला लागतात आणि पिष्टाची साखर करतात. इथे दोन-तीन अंशांनी सगळे बदलते. पाणी ६३ अंशांवर ठेवले तर यीस्टला पचेल अशी साखर जास्त तयार होते आणि बिअर हलकी, कोरडी लागते. ६८ वर नेले तर न पचणारी साखर मागे उरते आणि बिअर जाड, जिभेवर रेंगाळणारी होते. थर्मामीटरवरचा हा फरक गिऱ्हाइकाला थेट चवीत कळतो. मग चोथा गाळून काढतात. तो बहुधा गुरांच्या खाद्याला जातो. उरलेली गोड निवळी तासभर उकळतात आणि उकळतानाच त्यात हॉप्स पडतात.

हॉप्स ही एका वेलीची हिरवी, शंकूसारखी बोंडे. भारतात हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात ती थोडी पिकतात, बाकी मुख्यतः आयात होतात. ती कडूपणा देतात, गंध देतात आणि काही जिवाणूंना आळा घालतात, म्हणून बिअर टिकते. आजीच्या हातची कारल्याची भाजी ज्याला आवडते त्याला हॉप्सचा कडूपणा समजावून सांगावा लागत नाही.

निवळी गार झाली की तिला विरजण लावायचे. दही लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की दूध फार गरम असले तर विरजण मरते आणि फार गार असले तर लागत नाही. बिअरचे यीस्टही तसेच. एल जातीच्या बिअरला १८ ते २२ अंश लागतात, लागरला ८ ते १२. एल आठवडाभरात आंबते आणि त्यानंतर थोडी मुरली की ग्लासात येते. लागरला थंडीत महिनाभर किंवा जास्तही मुरावे लागते. ब्रूपबकडे टाक्या मोजक्या आणि जागा महाग, त्यामुळे तिथे बहुधा एल आणि गव्हाची बिअर जास्त मिळते. हा निव्वळ जागेचा हिशेब आहे, आणि तो गिऱ्हाइकाच्या पथ्यावर पडतो, कारण बाटलीतली बिअर बहुतांशी लागरच असते. ब्रूपबमध्ये जाऊन तीच मागण्यात हशील नाही.

गव्हाच्या बिअरकडे मालव्याने तर विशेष लक्ष द्यावे. जर्मन पद्धतीच्या ‘हेफेवाइझन’मध्ये निम्मे किंवा त्याहून जास्त माल्ट गव्हाचे असते. ती गाळत नाहीत, म्हणून गढूळ दिसते. तिच्यात पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि पहिल्यांदा पिणारा हमखास विचारतो की यात इसेन्स घातलाय का. केळे नाही, लवंगही नाही. ते यीस्टचेच काम. केळ्याच्या वासाचे संयुग आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, आणि लवंगेचा गंध दुसऱ्या एका संयुगाचा. टाकी जरा उबदार ठेवली तर केळे पुढे येते, गार ठेवली तर लवंग. शेजारच्या सीहोरच्या शरबती गव्हाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गव्हाच्या पोळीची चव ज्या शहराला लहानपणापासून ठाऊक आहे, तिथल्या ब्रूअरने हा दाणा टाकीत घालून पाहायलाच हवा.

एक अडचण मात्र मोठी आहे, ऊन. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि यीस्टला वीस अंश हवे असतात. शिवाय आंबताना निवळी स्वतःच तापते. ‘शब-ए-मालवा’ म्हणून मालव्याच्या गार रात्रींची कीर्ती आहे, पण रात्रीच्या भरवशावर टाकी चालत नाही. म्हणून टाकीला दुहेरी भिंत असते आणि त्या पोकळीतून थंड ग्लायकॉल फिरत राहते. हे तंत्र मुळात बिअरनेच मोठे केले. म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीसाठी कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात शीतयंत्र उभारले. आज घराघरातल्या फ्रिजच्या पूर्वजांमध्ये ते यंत्र मोजावे लागते.

हे यंत्र येण्याआधी हिंदुस्थानात बिअर पिणे म्हणजे केवढी यातायात होती, याचा एक धागा राजवाड्यातूनच निघतो. मल्हारराव होळकरांच्या काळात, १७४७ च्या सुमारास, या सात मजली वाड्याचे काम सुरू झाले. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला नेली. पुढे २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला. त्या तहानंतर इंदूर राजधानी झाले, शहरात इंग्रजांची रेसिडेन्सी बसली आणि वीसेक किलोमीटरवर महूची छावणी उभी राहिली. छावणी म्हटली की गोऱ्या पलटणी, आणि गोऱ्या पलटणी म्हटल्या की बिअर.

ती यायची जहाजाने. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, चार ते सहा महिन्यांचा प्रवास करून. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीने या व्यापारात आधी जम बसवला. पुढे १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉपने हॉप्सने भरलेली, फिकट रंगाची, टिकाऊ बिअर पाठवायला सुरुवात केली. आज प्रत्येक ब्रूपबच्या फळ्यावर ‘आयपीए’ ही अक्षरे असतात. त्यातला मधला शब्द पेल, शेवटचा एल आणि पहिला इंडिया. कोणी ती ‘इंडियात बनलेली’ समजतो, पण ती इंडियासाठी बनलेली होती.

मग एडवर्ड डायरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कसौलीला ब्रुअरी काढली. थंड हवा आणि झऱ्याचे पाणी म्हणून हिमालयाची पायरी चढावी लागली. पुढे बिअरचे काम सोलनला गेले. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी बिअर बनवायला माणसे डोंगरावर गेली, आणि आता डोंगराची थंडी स्टीलच्या भिंतीत भरून विजयनगरला आणता येते.

पण आंबवून पिणे ही साहेबाची देणगी, असे समजणे चूक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षावर एक संपूर्ण प्रकरण आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे सहा प्रकार त्यात सांगितले आहेत आणि त्यांची प्रमाणेही दिली आहेत. ‘किण्व’ नावाचे विरजण उडदाचे पीठ, तांदूळ आणि औषधी वनस्पती यांच्यापासून करायचे. आज शास्त्राच्या पुस्तकात आपण ‘किण्वन’ म्हणतो तो शब्द याच घराण्यातला. पानगृहे कशी असावीत, तेही कौटिल्य सांगतो. अनेक खोल्या, वेगवेगळी आसने, सुगंध, फुले आणि पाणी यांची सोय, प्रत्येक ऋतूत सुखकारक वाटेल अशी जागा. त्याच वेळी तो सरकारी हेरांना तिथे नजर ठेवायला सांगतो आणि कोण किती खर्च करतो याची नोंद घ्यायला लावतो. अबकारी खात्याला इतका जुना पूर्वज क्वचितच कुठल्या देशात सापडेल.

पश्चिमेला, अलीराजपूर आणि झाबुआच्या भिल्ल गावांत, याहून साधे उदाहरण आजही झाडावर टांगलेले आहे. ताडाला मडके बांधतात, रात्रभर रस झिरपतो आणि तो मडक्यातच आंबायला लागतो. सकाळी गोड, दुपारी चरचरीत, संध्याकाळी आंबट. ताडी गावाबाहेर नेण्यात अर्थ नसतो, कारण नेईपर्यंत ती वेगळीच होते. ती जिथे उतरते तिथेच, ज्या दिवशी उतरते त्याच दिवशी प्यायची. ब्रूपबचा सगळा आग्रह एवढाच आहे. तिथली बिअर सहसा पाश्चराइझ केलेली नसते आणि तिला लांबचा प्रवास मानवत नाही, म्हणून माणसाने तिच्याकडे जायचे.

मराठी मुलखात हा आग्रह पहिल्यांदा उभा राहिला तो पुण्यात. २००९ साली सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी या दोघा मित्रांनी ओलिव्हर शाउफ या जर्मन ब्रूअरला सोबत घेऊन कोरिंथियन्स क्लबात ‘डूलाली’ सुरू केले. महाराष्ट्रातली ती पहिली मायक्रोब्रुअरी. नावात इतिहास दडला आहे. नाशिकजवळच्या देवळालीला ब्रिटिश सैन्याची छावणी होती. मायदेशी जाणारे शिपाई तिथे जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने अडकून पडायचे, आणि कंटाळा, ऊन, ताप यांनी काहींचे डोके फिरायचे. ‘देवळाली’चा इंग्रजी तोंडात ‘डूलाली’ झाला, त्याला आपला ‘ताप’ जोडून ‘डूलाली टॅप’ झाला, आणि वेड लागण्याला इंग्रजीत तो शब्द कायमचा चिकटला. आपल्या गावाचे नाव सातासमुद्रापार जाऊन विशेषण झाले आणि पुण्यात बिअर होऊन परत आले.

त्यानंतर पुण्यात रांगच लागली. २०१४ च्या आसपास इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी आणि एफिनगट आले, पाठोपाठ ग्रेट स्टेट एलवर्क्स. मुंबईच्या बाजूला डोंबिवलीत गेटवे ब्रूइंग कंपनीने गव्हाची बिअर बनवून शहरातल्या बारांना पुरवायला घेतली. हळूहळू टाकीत आंबा आला, कोकम आले. इथेच गोष्टीला खरी चव आली. जर्मन पुस्तक समोर ठेवून जर्मन बिअर कुणीही करील. रत्नागिरीच्या कोकमाचा आंबटपणा कुठल्या यीस्टशी जमेल, हे मात्र इथल्याच माणसाला सुचणार.

इंदूरच्या बाबतीत अपेक्षा वाढते ती यामुळेच. या शहराचे खाणे इतके समर्थ आहे की ब्रूपबच्या टेबलावर नाचोज आणि पेरीपेरी फ्राइज दिसले की वाईट वाटते. अर्ध्या तासावर सराफा आहे. होळकरांबरोबर आलेल्या मराठी घरांचे पोहे या शहराने वाफेवर ठेवले, त्यात बडीशेप घातली, वर शेव आणि जिरावण नावाचा मसाला भुरभुरला आणि सोबत जिलबी दिली. आपली उपासाची साबुदाणा खिचडी इथे शेव, फराळी चिवडा आणि लिंबू अंगावर घेऊन रस्त्यावर आली आणि उपास नसतानाच जास्त खाल्ली गेली. असे परके ते आपले करणारे शहर बिअरशीही बोलू शकते.

कसे, ते दोन-चार पदार्थांवरून पाहू. भुट्ट्याचा कीस म्हणजे किसलेले मक्याचे कणीस दुधात शिजवून, हिरवी मिरची आणि मसाला घालून केलेला मऊ पदार्थ. मक्याची गोडी, दुधाची जाडी, मागून मिरची. याच्यासोबत गव्हाची बिअर बसते, कारण तिच्यातही गोडी आहे आणि कडूपणा नगण्य. इथे आयपीए घेतली तर बिघडते. कडूपणा आणि वायूचे बुडबुडे मिरचीची आग वाढवतात. बिअरने तिखट शमते हा समज पाच टक्के मद्यार्काच्या पेयाला लागू पडत नाही, मिरचीवर दूधच चालते.

गराडू वेगळा. हा मालव्याचा हिवाळी कंद. तळून, कुरकुरीत करून, वर जिरावण आणि लिंबू. आत पिठूळ, बाहेर तेलकट, चवीला खारट-आंबट. याला कडू बिअर हवी. मीठ कडूपणा दाबते आणि कडूपणा तेलाचा थर जिभेवरून उतरवतो. चखण्याला खारे शेंगदाणे आणि शेव का ठेवतात याचे उत्तर यातच आहे. रतलामी शेवेची लवंग आणि काळे मिरे तर कडू बिअरशी एखाद्या जुन्या ओळखीसारखे वागतात. आणि मावाबाटी किंवा जलेब्याजवळ काळी स्टाउट ठेवावी. भाजक्या माल्टची चव कॉफीसारखी असते, आणि पाकातल्या गोडाला कॉफी कशी आवरते हे सगळ्यांना माहीत आहे.

जोशींचा दहीबडा मात्र बिअरपासून दूरच बरा. सराफ्यातल्या ‘जोशी दहीबडा हाऊस’मध्ये दह्याने भरलेला द्रोण हवेत उंच उडवून, न सांडता झेलून, एकाच चिमटीतले मसाले एकेक करून वेगवेगळे टाकतात. ते पाहायला लोक मुद्दाम येतात. दह्याचा आंबटपणा आणि बिअर एकमेकांना मारतात. काही चवी एकट्याच खायच्या असतात.

ब्रूपबमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याने काय करावे? मोठा ग्लास लगेच मागवू नये. बहुतेक ठिकाणी चार-सहा छोट्या ग्लासांचा ट्रे मिळतो, तो घ्यावा, फिकट रंगापासून गडदाकडे जावे. कुठली बिअर टाकीतून अलीकडे काढली ते विचारावे. चांगला ब्रूअर हा प्रश्न ऐकून खूश होतो आणि पुष्कळदा स्वतः टेबलाशी येऊन बोलतो. नाक वापरावे. लोण्याचा वास आला तर बिअर पुरती मुरलेली नसते किंवा नळ्या नीट धुतलेल्या नसतात, ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तिला हवा लागली आहे. ग्लास रिकामा होत जाताना आतल्या बाजूला फेसाची कडी उरत गेली तर ग्लास स्वच्छ धुतला आहे. स्वच्छतेत देशात नाव काढलेल्या शहरात ही कसोटी लावायला संकोच कशाला?

कायद्याच्या गोष्टीही ठाऊक असाव्यात. मध्य प्रदेशात वय २१ पूर्ण हवे. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क हा देशभर गुन्हा आहे, आणि रिकाम्या पोटी दोन ग्लासांत ती रेषा सहज ओलांडली जाते. म्हणून जेवण आधी, ग्लास नंतर, आणि घरी जाताना स्टेअरिंग दुसऱ्याच्या हाती. राज्याची भूमिका तर दोन टोकांना ताणलेली आहे. २४ जानेवारी २०२५ ला महेश्वरला, अहिल्याबाईंच्या गावात, मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर यांसह १९ ठिकाणी १ एप्रिलपासून दारूची दुकाने आणि बार बंद करायचे ठरले. त्याच वर्षीच्या धोरणात १० टक्क्यांपर्यंत मद्यार्काची पेये, म्हणजे बिअर, वाइन वगैरेच, विकणाऱ्या वेगळ्या बारांची सोयही आली. तीर्थात बंदी आणि शहरात सौम्य पेय, अशी ती वाटणी दिसते. तीव्र दारूकडून हलक्या पेयाकडे, आणि घाईने पिण्याकडून जेवता जेवता पिण्याकडे लोक वळत असतील, तर ते स्वागतार्हच आहे.

रात्री दोन वाजता सराफ्यात आवराआवर सुरू होते. कढईखालची आग विझते. राजवाड्याच्या दर्शनी भागावरचे दिवे गल्लीच्या तोंडातून दिसत असतात. १९८४ च्या दंगलीत आग लागून मागचा मोठा भाग जळाला तेव्हा हाच दर्शनी भाग उभा राहिला होता. जिलबीचे पातेले पुसून घेण्यापूर्वी थोडे जुने पीठ बाजूला काढून ठेवायची कारागिरांची पद्धत असते. उद्याच्या मैद्यात ते घातले की आंबायला वेळ लागत नाही. ब्रूपबमध्ये टाकी रिकामी होते तेव्हा निमुळत्या तळाशी बसलेली यीस्टची मलईसारखी दाट साय नळ उघडून डब्यात घेतात, गार जागी ठेवतात आणि पुढच्या निवळीला तेच विरजण लावतात. एकच यीस्ट असे आठ-दहा वेळा वापरता येते. मग त्याचा जोर कमी होतो, आणि नवे आणावे लागते.